समुद्रातलं जंगल आणि उजनीचं हिरवं पाणी

यंदा रमजानमध्ये एका संध्याकाळी आमच्या घरी इफ्तारला सगळे जमले होते. दस्तरखानावर खजूर, भजी, फळं आणि अम्मीने केलेलं चायना ग्रास होतं. रोजा सोडून झाल्यावर चुलतभावाने मोबाइल माझ्यापुढे धरला. एक रील होती. निळ्या समुद्रात लांबच लांब दोऱ्या, दोऱ्यांना लटकलेलं तपकिरी शेवाळ आणि वर मोठ्या अक्षरांत दावा, की समुद्री शेवाळाची जंगलं वाढवली तर हवामान बदलाचं संकट टळेल. भाऊ मला म्हणाला, "आपा, अपने उजनी में क्यूं नै होता ये?"

अब्बा हसले. म्हणाले, "आपल्या पाण्यात शेवाळ कमी आहे होय?"

सगळेच हसले, पण भाऊ हसला नाही. तो बावीस वर्षांचा आहे. पहाटे अब्बांबरोबर भिगवणच्या मासळी बाजारात लिलावाला उभा राहतो, माल बर्फात भरतो, टेम्पोत चढवतो. या धंद्यात पुढे काय, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही. जुना टेम्पो घ्यायला त्याने थोडे पैसे साठवलेत. आता एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणीतरी सांगतंय, की कोकणात समुद्री शेवाळाच्या शेतीत पैसे घाला, पीक विकून कमवा आणि वर कार्बन क्रेडिटचे पैसे घ्या. टेम्पो घ्यावा की शेवाळ, या पेचात तो होता. विज्ञान मी शिकलेय, म्हणून त्याने मला विचारलं. त्याला जे उत्तर दिलं तेच इथे लिहितेय, कारण अशा रील तुमच्याही मोबाइलवर येत असतील.

आधीच आपल्या ताटात

भावाला मी पहिल्यांदा त्याच्या हातातली वाटी दाखवली. चायना ग्रास म्हणजे लाल रंगाच्या समुद्री शेवाळापासून काढलेला पदार्थ. शास्त्रज्ञ त्याला अगार म्हणतात. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनतं, ते हलाल आहे की नाही याची खात्री नसते. म्हणून आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चायना ग्रासवर भरवसा. समुद्र न पाहिलेल्या कितीतरी आज्यांनी आयुष्यभर समुद्री शेवाळ शिजवून वाढलं आहे!

आइसक्रीम आणि टूथपेस्ट घट्ट राहावी म्हणून घालतात ते कॅरागीननही समुद्री शेवाळातूनच येतं. इंदापूर-बारामतीच्या शेतकऱ्याला विचारा. खतांच्या दुकानात इफ्कोची 'सागरिका' मिळते, ती उसावर, द्राक्षावर फवारतात. तीही समुद्री शेवाळाच्या अर्कापासून बनते, आणि त्यामागचं तंत्र भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचं आहे. म्हणजे समुद्र भिगवणपासून कितीही लांब असो, त्याचं शेवाळ आपल्या ताटात आणि रानात कधीच पोचलंय.

म्हणून या पिकाला नावं ठेवायला मी बसलेले नाही. ते कामाचं आहे. त्याला खत लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, जमीनही लागत नाही. ज्या तालुक्यात उसाच्या पाण्यावरून भावाभावांत भांडणं होतात, तिथल्या माणसाला ही गोष्ट किती मोठी आहे हे सांगावं लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या थंड पाण्यातलं केल्प नावाचं शेवाळ चांगल्या हंगामात दिवसाला अर्धा मीटरपर्यंत वाढतं. त्या उंच शेवाळाच्या गर्दीत मासे अंडी घालतात, पिल्लं लपतात, वाढतात. त्याला जंगल म्हणतात ते उगाच नाही.

आपल्या देशातही हे पीक नवं नाही. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात मन्नारच्या आखातात बायका कितीतरी वर्षं खडकांवरचं शेवाळ बुडी मारून काढत आल्या आहेत. १९८० च्या दशकात भावनगरच्या त्याच संस्थेने कॅपाफायकस नावाचं परदेशी शेवाळ भारतात आणलं. २००० नंतर ते बांबूच्या तराफ्यांवर विक्रीसाठी वाढवायला सुरुवात झाली आणि बचत गटांच्या शेकडो बायकांच्या हातात त्याचे पैसे आले. २०२० मध्ये केंद्र सरकारने प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत समुद्री शेवाळासाठी ६४० कोटी रुपये धरले आणि पाच वर्षांत उत्पादन ११ लाख टनांच्या वर नेण्याचं लक्ष्य ठेवलं.

इथपर्यंत सगळं खरं आहे. हे पीक हवामान वाचवेल, असं म्हटलं की मात्र हिशोब मागावा लागतो.

हिशोब मांडून बघू

बाजारात आम्ही माल वजन करून घेतो. कोणी म्हणालं "भरपूर आहे," तर अब्बा म्हणतात, "काट्यावर टाक." कार्बनचंही तसंच करू.

समुद्री शेवाळ काढलं की त्याच्या वजनाचा साधारण दहावा भाग सुका माल उरतो, बाकी पाणी. सुक्या मालात साधारण पाव ते एक तृतीयांश कार्बन असतो. आता सरकारचं लक्ष्य घेऊ. ११ लाख टन ओलं शेवाळ म्हणजे १ लाख १० हजार टन सुकं. त्यात कार्बन सुमारे ३० हजार टन. तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या भाषेत मोजला तर साधारण १ लाख १० हजार टन होतो. भारत वर्षाला ३०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. भागाकार करून बघा, पंचवीस हजारांत एक भागही होत नाही. दुसऱ्या मापाने सांगायचं तर ५०० मेगावॉटचा कोळशावरचा एक वीजसंच जेवढं सोडतो, तेवढं बारा-पंधरा दिवसांत भरून निघतं. देशाचं पाच वर्षांचं लक्ष्य पूर्ण झालं तर त्याचं वर्षभराचं पीक एका वीजसंचाच्या पंधरवड्याबरोबर!

आणि हा हिशोबसुद्धा उदार आहे. कारण शोषलेला कार्बन कायमचा गाडला गेला असं आपण धरलं. प्रत्यक्षात ते शेवाळ कुठे जातं? चायना ग्रासमध्ये, आइसक्रीममध्ये, फवारणीच्या बाटलीत. ते खाल्लं, कुजलं, की आज ना उद्या त्यातला कार्बन पुन्हा हवेत. समुद्राने दिलेला उसना कार्बन काही महिन्यांत परत.

तो कायमचा गाडायचा तर शेवाळ खोल समुद्रात बुडवावं लागेल. अमेरिकेतल्या रनिंग टाइड नावाच्या कंपनीने ही कल्पना घेऊन सुरुवात केली होती. पुढे तिने आइसलँडजवळच्या समुद्रात लाकडाचे बारीक तुकडे बुडवले आणि त्यावर कार्बन क्रेडिट विकली. तळाशी गेलेल्या मालाचं नेमकं काय होतं यावर शास्त्रज्ञांनी शंका काढल्या, क्रेडिटला पुरेसे गिऱ्हाईक मिळाले नाहीत आणि २०२४ मध्ये कंपनी बंद पडली. मोठं भांडवल असलेल्या कंपनीची ही गत. मग व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा माणूस माझ्या भावाला कोणत्या काट्यावर मोजून क्रेडिट देणार आहे?

दुसरी बाजूही सांगायला हवी. निसर्गात आपोआप वाढणारं समुद्री शेवाळ थोडा कार्बन खरोखर खोल समुद्रात पोचवतं. २०१६ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासाचा अंदाज वर्षाला १७ कोटी टन कार्बनचा होता. आकडा मोठा वाटतो, पण कोळसा, तेल आणि गॅस जाळून जग वर्षाला १,००० कोटी टनांच्या आसपास कार्बन हवेत टाकतं. म्हणजे शंभरात दोनही नाही. आणि हे काम ती शेवाळं आपल्या आधीपासून करत आली आहेत. ती टिकली तर हे चालू राहील, मेली तर तेवढंही जाईल. त्यामुळे आहे ते जंगल वाचवणं हे नवं लावण्यापेक्षा आधीचं काम आहे.

कारण तापलेल्या पाण्याने पहिला बळी याच जंगलांचा घेतलाय. उत्तर कॅलिफोर्नियात २०१४ पासून समुद्र तापला, केल्प खाणाऱ्या सागरी साळींची संख्या बेसुमार वाढली आणि तिथलं नव्वद टक्क्यांहून जास्त केल्प नाहीसं झालं. आपल्याकडे तमिळनाडूतही २०१३ नंतर पाणी तापून कॅपाफायकसचं पीक मोठ्या प्रमाणात मेलं. बचत गटांच्या बायकांचे तराफे रिकामे राहिले. ज्याला आपण औषध म्हणतोय, तोच आजारी आहे.

एका ठिकाणी मात्र समुद्री शेवाळ आपल्या भागाच्या थेट उपयोगाचं ठरू शकतं. बारामती-इंदापूर म्हणजे दुधाचा पट्टा. गाई-म्हशी रवंथ करताना मिथेन वायू सोडतात. मिथेन हवा तापवायला कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जोरदार, शंभर वर्षांच्या हिशोबाने २८ पटींच्या आसपास. अ‍ॅस्परागॉप्सिस नावाचं लाल शेवाळ चाऱ्यात अगदी थोडं मिसळलं तर मिथेन घटतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाने २०२१ मध्ये मांसासाठी पाळलेल्या बैलांवर केलेल्या प्रयोगात ते ऐंशी टक्क्यांपर्यंत घटलं. हा प्रयोगातला आकडा आहे, आपल्या गोठ्यातला नाही. त्या शेवाळात ब्रोमोफॉर्म असतं, म्हणून दूध आणि जनावर दोन्ही तपासूनच पुढे जावं लागेल. तरीही 'समुद्र पृथ्वीला वाचवेल' या घोषणेपेक्षा हे मोजता येण्यासारखं आहे. शिकणाऱ्या मुलामुलींनी यात डोकं घालावं असं मला वाटतं.

आमच्या पाण्यातलं जंगल

आता भावाच्या मूळ प्रश्नाकडे येते. उजनीत का नाही? साधं उत्तर असं, की समुद्री शेवाळाला खारं पाणी लागतं आणि उजनीचं पाणी गोडं आहे. पण अब्बांचं उत्तर त्याहून खरं आहे. आपल्या पाण्यात शेवाळ कमी नाही.

उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं. भीमा अडली, गावं उठली आणि भिगवणच्या दाराशी समुद्रासारखं पाणी आलं. त्या पाण्याने मासेमारी दिली, लिलावाचा बाजार दिला, हॉटेलांच्या पाट्यांवर 'भिगवणची मच्छी' आणली. कुंभारगाव, डिकसळला दर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, नावाड्यांना चार पैसे मिळतात.

त्याच भीमेत वरून काय येतं तेही सगळ्यांना माहीत आहे. पवना मुळेला मिळते, मुळा मुठेला, मुळा-मुठा दौंड तालुक्यात भीमेला. इंद्रायणीही भीमेतच येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन मोठी शहरं या नद्यांच्या काठावर वसली आहेत आणि त्यांचं सगळं सांडपाणी शुद्ध होऊन येत नाही. त्या पाण्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे वनस्पतीचं खतच. शिवाय धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. जे आत आलं त्यातलं बरंचसं तळाला बसून राहतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडायला लागलं, की उरलेलं पाणी हिरवं होतं. कधी रंग कालवल्यासारखं गर्द हिरवं, वास येणारं. निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते हेच. काठाकाठाने जलपर्णी पसरते, होडी ढकलायला दोघे लागतात, जाळं टाकायला जागा उरत नाही.

आता रीलवाल्याच्या भाषेत बोलू. हे शेवाळ झपाट्याने वाढतं. कार्बन शोषतं. जलपर्णीही चांगल्या हवेत दोन आठवड्यांत दुप्पट होते. खत विकत घ्यावं लागत नाही, जमीन लागत नाही. मग उजनी ही हवामान वाचवणारी जागा झाली का?

नाही झाली. कारण हे हिरवं कोणी बाहेर काढत नाही. ते तिथेच मरतं, तळाला जातं, कुजतं. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. तळाच्या चिखलात प्राणवायू नसला की तिथे मिथेन तयार होतो आणि बुडबुड्यांनी वर येतो. दिवसा शोषलेला कार्बन जास्त वाईट रूपात परत हवेत. धरणांमधून येणाऱ्या मिथेनची मोजदाद आता जगातल्या हवामान शास्त्रज्ञांनी हिशोबात धरायला सुरुवात केली आहे.

अब्बा सांगतात, त्यांच्या तरुणपणी बाजारात वाम, मरळ, शिंगटा यांचे ढीग असायचे. आता क्रेटमागून क्रेट चिलापीचे. चिलापी परदेशी मासा, घाणेरड्या पाण्यातही तग धरतो. पोटाला चिलापीने आधार दिला हे खरं, पण बाजारातला मासा बदलला म्हणजे पाणी बदललं. मापाच्या यंत्राशिवाय अब्बांना ते कळलंय.

भिगवणच्या पाण्याने मला शिकवलेली गोष्ट एवढीच आहे. हिरवं दिसलं म्हणजे हवामान वाचलं असं नाही. ते हिरवं कशावर वाढलं, वाढून कुठे गेलं आणि त्याचा फायदा कोणाला झाला, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय समुद्रातल्या किंवा धरणातल्या कुठल्याही 'जंगला'चं कौतुक करायचं नाही.

पाणी कोणाचं?

तिसरा प्रश्न आपल्या समाजाला जास्त लागतो, म्हणून त्यावर थोडं बोलते.

समुद्री शेवाळाची शेती रिकाम्या समुद्रात होत नाही. समुद्र रिकामा नसतोच. कोकणात रत्नागिरीच्या मिरकरवाड्यापासून खाड्या-खाड्यांत मासेमारी करणारे आपले लोक आहेत. दालदी समाजाची कितीतरी घरं पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर जगतात, कोळी आणि गाबीत बांधवांच्या शेजारी. दोऱ्या आणि तराफे लावायचे तर शांत, उथळ पाणी लागतं. छोट्या होडीवाल्याचंही तेच पाणी. पावसाळ्याचे चार महिने आपला किनारा उधाणलेला असतो, तराफा टिकत नाही, त्यामुळे हंगाम आधीच तोकडा. अशा वेळी पाण्याचे तुकडे पाडून बाहेरच्या गुंतवणूकदाराला दिले, तर होडीवाल्याने जायचं कुठे? तमिळनाडूत शेवाळ काढणाऱ्या बायकांना सागरी राष्ट्रीय उद्यानाचे नियम आडवे आले, तेव्हा त्यांना आपला हक्क मागत उभं राहावं लागलं. हा प्रश्न उद्या कोकणात येणार आहे.

आणि परदेशी बियाणं कुठेही टाकायचं नसतं. मन्नारच्या आखातात क्रुसडई बेटाजवळच्या प्रवाळांवर कॅपाफायकस पसरल्याचं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं. शेतातून निसटलेल्या या पिकाने प्रवाळ झाकून टाकले. जलपर्णीही दक्षिण अमेरिकेतून शोभेचं झाड म्हणून जगभर गेली होती. फुलं सुंदर असतात, हे मान्य! पण भिगवणच्या नावाड्याला जाऊन विचारा.

मी समुद्री शेवाळाच्या विरोधात नाही. स्थानिक जातीचं शेवाळ, स्थानिक मच्छीमार बायकांच्या गटाच्या मालकीचं, विक्रीची सोय आधी पक्की करून, होडीवाल्यांना विचारून वाढवलं, तर ते चांगलं पीक आहे. पिकाचे पैसे पिकाच्या नावाने मिळोत. 'पृथ्वी वाचवतोय' म्हणून वर आणखी पैसे दाखवणारा माणूस भेटला, तर त्याला काटा दाखवायला सांगा.

मग आपण काय करायचं?

रील बघून मन भरतं, हाताला काम मिळत नाही. म्हणून माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान वाचकांना काही सुचवते.

एक. कार्बनचा खरा हिशोब कोळसा, डिझेल आणि वाया जाणाऱ्या विजेत आहे. समुद्राने आपलं पाप धुवावं ही अपेक्षा सोडू. मोहल्ल्यातल्या मस्जिदीच्या, मदरशाच्या, शाळेच्या छतावर सौर पॅनल बसवायची चर्चा आपण करू शकतो. ते वीजबिलात दिसतं, मोजता येतं.

दोन. उजनीचं काम उजनीच्या वर आहे. वरच्या शहरांतून येणारं सांडपाणी शुद्ध होतं की नाही, हे विचारायचा हक्क काठावरच्या प्रत्येकाला आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पाण्याचे नमुने तपासतं. २००५ चा माहिती अधिकार कायदा आपल्या हातात आहे. एक अर्ज, दहा रुपये. धरणाखाली सोलापूर शहर हेच पाणी पितं, त्यामुळे हा प्रश्न फक्त मासळीवाल्यांचा नाही, मुसलमानांचा तर नाहीच नाही, सगळ्यांचा आहे. म्हणून भोई समाजाच्या, शेतकऱ्यांच्या, पक्षी दाखवणाऱ्या नावाड्यांच्या पोरांना बरोबर घेऊन विचारा.

तीन. स्वतःकडेही बघा. वरच्या शहरांना बोल लावताना आपल्या उसाच्या रानातून वाहून जाणारा युरिया, गावाची उघडी गटारं, बाजारातली मासळीची घाण, हेही त्याच पाण्यात जातं. वाहत्या नदीकाठी बसून वजू करतानाही पाणी उधळू नये, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकलीय. त्या पाण्यात घाण सोडण्याबद्दल वेगळं सांगायला हवं का?

चार. जलपर्णीलाच पीक समजा. ती पाण्यातलं खत शोषते, म्हणून ती वेळेवर काढून काठापासून लांब नेली, तर पाण्यातली घाण तिच्याबरोबर बाहेर जाते. काढून काठावरच ढीग लावला तर पहिल्या पावसात सगळं परत पाण्यात. तिचं कंपोस्ट होतं, शेणाबरोबर बायोगॅसही होतो. फक्त सांडपाण्यातले जड धातू त्यात उतरतात, म्हणून भाजीपाल्याला ते कंपोस्ट वापरण्याआधी तपासून घ्यावं लागेल. या कामाची मजुरी काठावरच्या लोकांना मिळाली, तर समुद्रातल्या जंगलाचं जे स्वप्न माझ्या भावाने पाहिलं, त्याचा एक तुकडा भिगवणमध्येच खरा होईल.

पाच. पाणथळ जागेची किंमत ओळखा. महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी या तीन जागा रामसर यादीत आहेत. उजनी नाही. यादीत नाव आलं म्हणजे सगळं ठीक होतं असं नाही, पण या पाण्याबद्दल जाहीरपणे बोलायला एक निमित्त मिळतं.

इफ्तारच्या त्या रात्री आम्ही भाऊ-बहीण बराच वेळ बोललो. मी त्याचं मन मोडलं असं मला आधी वाटलं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "पैसे कोणाला देत नाही. पाऊस संपल्यावर रत्नागिरीला जाऊन आधी स्वतः बघतो, तिथल्या मच्छीमारांशी बोलतो." मला हे उत्तर आवडलं. समुद्री शेवाळाची शेती त्याला जमली तर मला आनंदच होईल, चायना ग्रास घरचंच मिळेल.

तोपर्यंत आम्ही दोघांनी मिळून एक कागद लिहिलाय. भिगवणजवळच्या पाण्याचे गेल्या तीन वर्षांचे तपासणी अहवाल मिळावेत, एवढीच मागणी. खाली सह्या करायला जागा सोडलीय. पहिली सही अब्बांनी केली. दुसरी लिलावात रोज त्यांच्या शेजारी बसणाऱ्या भोई काकांनी. सही करताना काका म्हणाले, "पोरी, पाणी बिघडलंय हे आम्हाला कागद वाचून कळायचं नाही, ते रोज जाळ्यात दिसतंय. पण कागद असला की समोरच्याला नाही म्हणता येत नाही."

तुमच्या गावाच्या नदीसाठी, तलावासाठी, खाडीसाठी असाच एक कागद लिहा. समुद्र लांब असला तरी पाणी प्रत्येकाच्या दाराशी आहे.